नाल्यावरची बांधी

कामिनीने वाळूचे पोते दोन्ही हातांनी ओढले, तसा तुलारामने त्यावर पाय ठेवला.

"हात काढ," तो म्हणाला.

तिने हात काढला नाही. शहराची घाण घेऊन हा नाला वर्षानुवर्षे सरळ वैनगंगेत जायचा आणि वाटेत मोटार लावून तुलाराम ते पाणी आपल्या उन्हाळी धानाला द्यायचा. मग नदीकाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र झाले, नाला तिकडे वळला आणि तुलारामचे फुकटचे काळे पाणी गेले. यंदा रोवणीच्या वेळी त्याने केंद्राच्या अलीकडे नाल्यातच पोती रचली. पाणी त्याच्या धानाच्या बांधीत आणि केंद्राच्या टाक्या उपाशी. कामिनी त्या केंद्रावर ऑपरेटर होती.

टाक्यांमधले जिवाणू घाण खाऊनच जगतात. ती मिळाली नाही की मरतात, पुन्हा वाढायला कितीतरी दिवस जातात आणि तोवर सगळ्या शहराची घाण जशीच्या तशी नदीत. खालच्या गावांच्या नळाला तीच नदी. हे सगळे तिने आधी नीट समजावून सांगितले होते, मग हात जोडले होते. आपसात मिटवा म्हणून केंद्राच्या साहेबांनी अंग काढून घेतले होते. आज ती भांडायलाच आली होती. खरे सांगायचे तर या माणसाचा तिला मनापासून तिटकारा आला होता.

त्यालाही तिचा. आंधळगावची कालची पोरगी आपल्याला शेती शिकवते, हे त्याने नाल्याच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. या पाण्यावर युरिया लागत नाही, लोंब्या वजनाने वाकतात. असले पाणी धुऊन नदीत ओतणाऱ्यांची अक्कल त्याने सात पिढ्यांसकट काढली. बांधीत रोवणाऱ्या बाया वाकल्या वाकल्या ऐकत होत्या.

"मंग हे धान तुमी सोता खाता काय, काका?" कामिनीने विचारले.

तुलारामने पोत्यावरचा पाय काढला. धुऱ्याच्या बांधावर त्याची बायको, बेबीबाई, नुकताच जेवणाचा डबा सोडत होती. तिला त्याने थाळी वाढायला लावली.

"या बांधीतलाच भात हाये. मी रोज खातो. तू खाऊन दाखव, अन् मंग बोल."

कामिनी इरेला पेटली होती. ओढणीला हात पुसून ती धुऱ्यावर बसली. थाळीत पांढरा मोकळा भात होता आणि वर तुरीचे वरण. पण त्या नाल्यातून काय काय येते ते ती केंद्राच्या जाळीवर रोज बघत होती. तिचा हात थाळीशी जाऊन थांबला. तुलाराम हसला. बायाही कंबर सरळ करून बघू लागल्या.

बेबीबाईला ते पाहवेना. भांडण काही का असेना, आपल्या ताटावर बसलेल्या माणसाने हात आखडावा हे तिला फार लागले. ती वाकून समजावत म्हणाली,

"खाय वो बाई, भेऊ नोको. हा आमच्या घरच्या खान्याचा हाये. तलावाच्या पान्यावरच्या बांधीतला."

तुलारामने तिच्याकडे असे पाहिले की ती थाळी सोडून डब्याचे झाकण शोधू लागली.

बांधीतून चंद्रभागाबाई चिखल तुडवत वर आली. कापणीची मजुरी ती आणि तिच्यासोबतच्या बाया दरवर्षी तुलारामकडून धानातच घ्यायच्या.

"अन् आमाले देता ते कुठलं?" तिने विचारले.

तो तिला कामावर जा म्हणाला. ती गेली नाही.

"माह्या नातीचं उष्टावन त्याच भातानं केलं मी."

हातातली रोपांची जुडी तिने थाळीशेजारी ठेवली आणि गावाची वाट धरली. तिच्यामागून बाकीच्या बायाही एकेक करून धुऱ्यावर चढल्या. रोवणी अर्धीच झाली होती.