गाडी का थांबली

“मामा, गाडी बाजूला घ्या. आणि इंजिन बंद करा.”

आमच्या ड्रायव्हरला सगळे मामाच म्हणतात. मामांनी ‘का’ म्हणून विचारलं नाही. अकरा वर्षं आम्ही दोघं आजारी तान्ही बाळं छोट्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात नेतोय; बाई गंमत करतेय की नाही, हे त्यांना माझ्या आवाजावरून कळतं. पेट्रोल पंपाच्या पुढे त्यांनी गाडी कडेला लावली आणि किल्ली फिरवली.

काचेच्या पेटीत सहा तासांचं बाळ होतं. मुलगा, दोन किलोला जरा कमी, हृदयात जन्मजात दोष. त्याच्या श्वासनळीत नळी होती आणि यंत्र त्याला श्वास देत होतं. मगाशी एक खड्डा चुकवता आला नाही आणि तेव्हापासून पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत चालला होता. अशा वेळी छाती ऐकावी लागते. चालत्या गाडीत स्टेथोस्कोप लावला तर फक्त इंजिन ऐकू येतं, म्हणून थांबायचं. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे भोंगा वाजवत सुसाट पळणं. पळायला काय, कुणीही पळेल.

उजवीकडे हवा जात होती. डावीकडे काहीच नाही. नळी खाली सरकून एकाच फुफ्फुसात शिरली होती. मी चिकटपट्टी सोडवली आणि नळी अर्धा सेंटिमीटर वर घेतली. “पुरे झाले हं नखरे, राजा,” मी त्याला म्हणाले. छातीची डावी बाजू हलली. आकडा चढायला लागला, ओठांचा जांभळा रंग ओसरला. मी पट्टी पुन्हा चिकटवली. माझे गुडघे आखडून लाकूड झाले होते, पण मला हसू आलं.

“चला मामा.”

“चला काय, ताई? बाळाचे बाबा बघा कुठे बसलेत.”

बाबा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा पंचविशीतला पोरगा. तो पुढे मामांच्या शेजारी होता. आता तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता, हातात फोन, डोकं गुडघ्यांत.

निघण्याआधी मी प्रत्येक बापाला बजावते, ‘गाडी मध्येच थांबली तर घाबरू नका, तपासायला थांबतो.’ आज औषधाच्या पंपाची वायर सापडेना, त्या धांदलीत तेवढंच सांगायचं राहिलं.

“अहो, इकडे या! आहे तो! चांगला श्वास घेतोय!”

त्याने वर पाहिलं. चेहरा पार उतरलेला. “मी कळवलं,” तो म्हणाला.

“काय कळवलं?”

“मेहुणीला. ती हिच्याजवळच बसलीये. गाडी थांबली, सगळं शांत झालं... मला वाटलं, गेला.”

त्याची बायको आम्ही निघालो त्या दवाखान्यात होती, पोटावर ताजे टाके घेऊन. बाळाला तिने डोळे भरून पाहिलंही नव्हतं. आणि तिला आता कळलं होतं की ते गेलं. मी त्याच्यावर खेकसणारच होते, पण कुठल्या तोंडाने? मी त्याच्या फोनवरून फोन लावला आणि मेहुणीला सांगितलं, ताईला द्या.

“मी गाडीतली नर्स बोलतेय. तुमचं बाळ जिवंत आहे. गाडी मीच थांबवली, तपासायला. यांना आधी सांगितलं नाही, चूक माझी.”

ती म्हणाली, “त्याला रडू दे. मला ऐकू दे.”

हीच तर पंचाईत. घशात नळी असली की बाळ नुसतं तोंड वाकडं करतं, आवाज फुटत नाही. मी तसं सांगितलं.

“टाके ओले आहेत म्हणून फसवताय मला,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

व्हिडिओ लागेना. फोटो पाठवला, नळ्यांच्या गुंत्यात डोळे मिटून पडलेलं पोर. त्यावरून कोण कशाला विश्वास ठेवेल?

मोठ्या दवाखान्यात बाळ सोपवलं, सगळं समजावून दिलं, बाप तिथेच थांबला. गाडी रिकामी झाली की आम्ही थेट आमच्या ठाण्यावर जातो. पण दवाखान्याच्या फाटकाशीच मी म्हणाले, “मामा, मागे फिरायचंय. तिच्याकडे.”

“चाळीस किलोमीटर आहे, ताई. जेवण?”

“जेवण कुठे पळून जातंय?”

मामांनी गाडी वळवली.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मेहुणीने मला खुर्ची दिली. मी म्हणाले, “मी गाडीतली नर्स.”

“पुन्हा तेच सांगायला आलात?” ती वळलीही नाही.

“तेच. उद्या त्याचं ऑपरेशन आहे. त्यात काय होईल, ते मी सांगणार नाही, मला माहीत नाही. पण तासाभरापूर्वी मी त्याला तिथल्या पलंगावर ठेवलं, तेव्हा तो होता. माझ्या हातात होता.”

ती हळूच, पोट धरून, माझ्याकडे वळली. तोंडाकडे नाही, तिने माझ्या हाताकडे पाहिलं. कोटाच्या बाहीवर काळपट हिरवा, डांबरासारखा चिकट डाग होता. धावपळीत माझ्या ध्यानातही राहिला नव्हता.

“हे काय?”

“त्याची पहिली शी,” मी म्हणाले. “उचलून ठेवताना केली. ऐन मोठ्या डॉक्टरांच्या देखत.”

ती बघत राहिली. तिने डागाच्या कडेला बोट लावलं. मग तिला हसू फुटलं. टाके दुखले म्हणून तिने पोट दाबलं, आणि हसता हसताच रडू कोसळलं. “मेल्याने लाज आणली,” ती म्हणाली. मेहुणी तोंडात पदर धरून हुंदके देत होती.

“धुवून येते,” मी उठले.

तिने बाही पकडली. “थांबा ना जरा.”

मी पुन्हा बसले. डाग वर येईल असा हात तिच्या उशीशी ठेवला, आणि तिचा डोळा लागेपर्यंत हलवला नाही.