नख अडकलं तिथे

शेफील्डात इनॉक हॅबरशॉनसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पोलाद-संशोधन समितीकडे जाणारा प्रत्येक नमुना तो लेथवर कातायचा आणि आरशासारखा लख्ख घासायचा. घासायला कुणी सांगितलं नव्हतं हो! पण खरबरीत काम हातातून सोडायचं म्हणजे नाक कापून घेणं, ही तिथल्या जुन्या कारागिरांची रीत. समितीचं यंत्र तो नमुना वाकवत गरगर फिरवायचं. खाणीत माणसं उतरवणारे पाळणे ज्या पिनांवर लटकतात, त्या पिनांसाठी आणलेलं नवं पोलाद दहा लाख फेरे टिकलं, आणि १९११ साली समितीने त्यावर शिक्का मारला.

पुढच्या मार्चात एक पिन तुटली. पाळणा तळाशी कोसळला. आत इनॉकचा थोरला विल्फ होता.

तुटका तुकडा समितीच्या टेबलावर आला. इनॉकने त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, ते अडकलं. लेथच्या हत्याराचा केसाएवढा चरा, आणि तडा नेमका तिथूनच गेलेला. कारखान्यात हजारो पिना घासत कोण बसतंय? घासले होते ते याने, नुसते नमुने. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सेथ, उतरू नकोस रे," तो त्याच खाणीत कामाला असलेल्या धाकट्याला म्हणाला. "सगळ्या पाळण्यांना त्याच पिना आहेत."

"मग खायचं काय बाबा, तुमचं पॉलिश? समितीला पटवा. त्यांनी शिक्का काढला की मालक झक मारत बदलतील."

इनॉकने सहा नमुने केले आणि चरे तसेच ठेवले. सहाही चाळीस हजार फेऱ्यांच्या आत तुटले. विल्फ गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

समितीचे चिटणीस ऑर्मरॉड, माणूस भला. त्यांनी तुकडे पाहिले आणि त्यांचा चेहराच पडला. "हॅबरशॉन, अहो, हे काय?"

"साहेब, खाणीतल्या पिना अशाच असतात. मी नमुने घासले म्हणून ते टिकले!"

"आपण पोलाद तपासतो, कातकाम नाही. चाळीस वर्षांत तुमच्या हातून असं काम पाहिलं नाही मी. पोरगा गेलाय, हात थरथरणारच. घरी जा." त्यांनी सहांवर 'नमुना सदोष' लिहून ते बाद केले. शिक्का कायम राहिला.

इनॉक तसाच खाणीवर गेला. सेथ रांगेत होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझं काम वाईट झालंय."

"तुमचं? वेडेच आहेत!" सेथ हसला. इनॉकने त्याची बाही घट्ट धरली. सेथने ती हळूच सोडवली, डबा काखेत मारला आणि पाळण्यात चढला.