सर्वांनी पाहिल्याचे कळवावे

नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता. रविवारची दुपार. भेटायला आलेली माणसं पांगली होती, सासूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि ती कपबश्या विसळत होती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. नातेवाईक त्याच नंबरवर फोन करायचे, म्हणून तिने तो चालू ठेवला होता.

कारखान्याचा ग्रुप होता. नवरा तिथे बॉयलरवर कामाला होता. सुपरवायझरने लिहिलं होतं, ‘उद्यापासून पाळ्या बदलल्या आहेत. सर्वांनी पाहिल्याचे कळवावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली.

हे तिला नवं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जेवतानाही तो डाव्या हाताने उत्तर द्यायचा. ती चिडली की म्हणायचा, “अगं, गप्प बसलो तर उद्या सगळ्यांदेखत माझी लाज काढेल तो.”

तिने फोन उपडा ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला. आता उत्तर न देणाऱ्यांची नावं आली होती. त्यात नवऱ्याचंही. खाली लिहिलं होतं, ‘यांना वेगळं आमंत्रण हवंय का?’

मग हात पुसून एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, ‘ते वारले. तुम्ही घरी येऊन गेलात. मी त्यांची बायको.’

मग सुपरवायझरचा फोनच आला.

“वहिनी, मुद्दाम नाही हो केलं. जुनीच यादी होती, तशीच टाकली गेली.”

“त्यांचं नाव काढायचं नाही का?”

“राहून गेलं. पण वहिनी, ग्रुपवर मोठे साहेबही आहेत. तुमचा तेवढा मेसेज डिलीट करा ना.”

“तोही राहू दे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाचेक मिनिटांत नवऱ्याचं नाव ग्रुपमधून निघालं. त्याच्या पाळीतल्या जोडीदाराचा मेसेज मात्र ग्रुपवर न येता वेगळा आला, ‘वहिनी, बरं केलंत. मी असं म्हणालो ते कोणाला सांगू नका.’

सासूबाईंनी आतून विचारलं, “कोणाचा गं फोन?”

“कामावरचा.”

“त्याला बोलावतायत?” म्हातारी अर्धवट झोपेत होती.

ती आत जाऊन सासूबाईंच्या पायाशी बसली. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

पुढच्या आठवड्यात ती त्याचं कपाट रिकामं करायला कारखान्यात गेली. जोडीदाराने बूट, मफलर, डबा पिशवीत भरून दिला. पिशवी जड होती, म्हणून तो उचलून निघाला. सुपरवायझरच्या काचेच्या खोलीजवळ आल्यावर त्याने ती हळूच खाली ठेवली.

“इथून तुम्ही घ्याल ना, वहिनी?”

तिने पिशवी उचलली आणि एकटीच फाटकाकडे चालू लागली.