आठ डिस्कचे ताटाळे

आई खोलीत बसून असेपर्यंत आठही डिस्क जागेवर राहत. ती उठली की त्यांतल्या एकदोन संगणकाच्या पडद्यावरून नाहीशा होत.

नाहीशा म्हणजे हिशेबातून. एरवी त्या खिडकीपाशी, भांडी लावायच्या ताटाळ्यात ओळीने उभ्या असत, दिवे लागलेले असत आणि हात लावला तर आतली घरघर जाणवे. मात्र संगणकाच्या लेखी त्या उरलेल्या नसत, आणि दोन एकदम गेल्या की त्या वेळी चालू असलेली कॅसेटची नक्कल मध्येच तुटे.

नक्कल तुटणे परवडणारे नव्हते. आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत असे. दर शनिवारी ती शाळेचा कॅमेरा लावून मुलांना हातांनी गोष्टी सांगायला बसवी. त्या मुलांच्या खुणा त्यांनी आपापसांत घडवलेल्या होत्या. त्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. पुढे शाळा बंद पडली आणि कॅसेटी आईच्या पदरात आल्या. आता त्यांच्या फितीवरचा थर सुटत चालला होता. एकदा चालवली की प्लेअरमध्ये तपकिरी भुकटी सांडे. पहिल्या वेळी चित्र स्वच्छ येई, दुसऱ्या वेळी त्यावर पांढरे ओरखडे असत, आणि तिसऱ्या वेळेचा विचार करण्यात अर्थ नव्हता. थोडक्यात, प्रत्येक कॅसेटला एकच संधी होती.

लेक वजने प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय किलो हा किलो ठरत नसे. कॅसेटी संगणकात उतरवायचे काम तिने अंगावर घेतले तेव्हा पहिला खटका उडाला तो भावाशी. भावाला घरात बारक्या म्हणत. तो आता नावापुरताच बारक्या होता. दारातून आत येताना तो किंचित तिरपा होई.

"अगं ताई, सगळं दाबून छोटं कर की," तो म्हणाला. "आख्खी शाळा एका पेनड्राइव्हमध्ये बसेल. एवढ्या डिस्क मांडून काय कारखाना काढायचाय?"

तिने वाद घातला नाही. त्याने सांगितले तसे एक दृश्य दाबून छोटे केले आणि त्याच्यापुढे लावले. दोन वेण्यांची एक मुलगी भराभर हात हलवत होती.

"हनुवटीला किती बोटं लावली तिने?"

बारक्याने डोळे बारीक केले. "तीन. नाही, थांब. दोन? सगळा लगदा झालाय गं."

"दोन म्हणजे बहीण, तीन म्हणजे पाणी," आई म्हणाली. "तिला न्यायला बहीण आली की तिच्या घरात पाणी शिरलं, ते त्या बोटांवर आहे."

त्यानंतर दाबण्याचा विषय कोणी काढला नाही. न दाबलेले चित्र मात्र जागा खाते, आणि ती राक्षसासारखी खाते. संगणकाच्या पेटीत दोनच डिस्कना जागा होती, म्हणून लेकीने बाहेरून जोडायच्या आठ डिस्क घेतल्या. तेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच खोटीपायी सगळ्यांनी एकदम मान टाकायला नको. त्या आठांचे तिने मिळून एकच भांडार केले. त्याची बांधणी अशी होती की एक डिस्क पूर्ण मेली तरी तिच्यातला मजकूर उरलेल्या सातांवरून पुन्हा उभा करता येई. एक मेली तर. दोन एकदम गेल्या की भांडार जागच्या जागी थांबे.

एकमेकींवर रचलेल्या डिस्क तापत, म्हणून त्यांची रवानगी ताटाळ्यात झाली. ताटाळे वाऱ्यासाठी खिडकीपाशी ठेवले. त्यामुळे त्यांची एकत्र जोडणी करणाऱ्या हबपासून संगणकापर्यंत एक लांब वायर टाकावी लागली. ती आईच्या खुर्चीमागून, अगदी खुर्चीच्या पायाला चिकटून जाई. खुर्ची बारक्याच्या ऑफिसातली: चाकांची, दांडा ओढला की खालीवर होणारी. आईच्या गुडघ्यांना ती मानवली होती. तिच्यात बसून आई पडद्यावरची मुले ओळखून सांगे, आणि लेक शेजारच्या लाकडी स्टुलावरून ते टिपून घेई.

नकला तुटू लागल्या तेव्हा लेकीने आधी वीज तपासली. मग हब बदलला, मग प्रत्येक डिस्कची स्वतंत्र परीक्षा घेतली. सगळे निर्दोष सुटले.

"मी उठले की बिघडतं," आई एक दिवस म्हणाली.

"तू उठलीस आणि बिघडलं, तेवढं लक्षात राहतं. तू उठलीस आणि काही झालं नाही, ते कोण लक्षात ठेवतं?"

"मी ठेवते. मला दुसरं काय काम आहे?"

हे उत्तर शास्त्राला धरून होते. लेकीने कॅसेट बाजूला ठेवली, एक निरुपयोगी फाईल भांडारात उतरवायला लावली आणि आईला पुन्हा पुन्हा उठबस करायला सांगितली. दर वेळी घडले नाही, पण योगायोग म्हणून सोडून देता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडले. आई बसून असताना एकदाही घडले नाही.

"आईलाच नववी डिस्क म्हणून जोड," बारक्या म्हणाला. "क्षमता प्रचंड आहे. मी लहानपणी फोडलेली काचसुद्धा सापडेल."

"तुझी काच नाही, काचा," आई म्हणाली. "आणि त्या पुसता येत नाहीत."

हसणे झाले, पण आईने त्यातून स्वतःपुरता निर्णय काढला. पुढच्या कॅसेटी ती जागची न हलता बसून पाहू लागली. नकला पूर्ण होऊ लागल्या. लेकीला खरे काय ते कळले उशिरा, आईच्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला सकाळपासून तसाच भरलेला दिसला तेव्हा.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"प्यायले की उठावं लागतं."

लेकीने तिच्या पावलांकडे पाहिले. घोट्याशी चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

उरली होती ती सगळ्यांत जुनी कॅसेट, पहिल्या शनिवारची. तिचा थर इतका सुटला होता की दुसऱ्यांदा ती बहुधा चाललीच नसती. त्या दिवशीच्या मुलांपैकी दोघे आता हयात नव्हते, आणि त्यांचे हात कुठे उरले असतील तर याच फितीत.

"लाव," आई म्हणाली. "मी बसते ना. नाही उठत."

"नाही."

"अगं, माझ्या बसण्याने काम होतंय, तर कारण कशाला हवं तुला?"

"तुझ्या बसण्याने का होतंय हे मला माहीत नाही. म्हणजे मध्येच कधी होणार नाही, तेही माहीत नाही. ती लावायची तर कारण कळल्यावर. आणि तू आधी पाणी पी."

आई रुसली, पण पाणी प्यायली.

लेकीने मनाशी प्रश्न नव्याने मांडला. आई उठते, या एका वाक्यात बऱ्याच गोष्टी घडतात: जमीन हादरते, आईचे अंग वायरीजवळून जाते, खुर्ची मोकळी होते. प्रयोगशाळेत ती एका वेळी एकच वजन बदलत असे; इथेही तेच करायचे होते. तिने आईला स्टुलावर बसवले आणि तिथून उठायला सांगितले. आई उठली, बसली, खोलीभर फिरली, वायर ओलांडून खिडकीपर्यंत गेली. आठही डिस्क जागेवर राहिल्या.

"म्हणजे मी सुटले?" आईने विचारले.

"जामिनावर."

तेवढ्यात बारक्या आला आणि रिकामी दिसली म्हणून खुर्चीत बसला. खुर्ची सुस्कारा टाकत खाली गेली. "काय, खटला चालू आहे का?" असे म्हणत तो चहाचे बघायला उठला, आणि पडद्यावरून तीन डिस्क गेल्या.

लेक पडद्याकडे पाहत राहिली. "पुन्हा बस," ती म्हणाली.

"आत्ता तर उठवलंस..."

"मी नाही उठवलं. बस. आता उठ."

या वेळी एक गेली.

आता माणूसच वगळायचा होता. घरात दाराला अडसर म्हणून प्रयोगशाळेतून बाद झालेली लोखंडी वजने पडली होती. बारक्याने ती दोन कापडी पिशव्यांत भरून खुर्चीवर ठेवली आणि सांगितल्यावर झटक्यात उचलली. पहिल्या दोन वेळा काही झाले नाही. तिसऱ्या वेळी डिस्क गेली. त्या वजनांना गुडघे नव्हते, नशीब नव्हते आणि आईशी त्यांचे काही नातेही नव्हते.

एका यंत्राचा शब्द तिला पुरेसा वाटेना. तिने बाबांचा जुना रेडिओ काढला, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावला आणि खुर्चीजवळ ठेवला. रेडिओ नुसता खरखरत राहिला. बारक्या खुर्चीतून उठला. खरखरीतून कट् असा एक कोरडा आवाज आला आणि त्याच क्षणी पडद्यावर सातच डिस्क उरल्या. स्टुलावरून उठल्यावर तो आवाज आला नाही. मग तिने ती लांब वायर काढली, ताटाळे टेबलाशी आणले आणि हब हातभर लांबीच्या, जाड आवरणाच्या वायरीने जोडला. बारक्या पुन्हा उठला. रेडिओ कट् म्हणाला. डिस्क आठच राहिल्या. त्याने दहा वेळा उठाबशा काढल्या आणि अशी शिक्षा आपल्याला शाळेतही झाली नव्हती असे सांगितले.

"उद्या ही खुर्ची मी परत नेतो," तो थोडा ओशाळून म्हणाला.

"आजच ने," आई म्हणाली. "जिन्यापाशी ठेवून ये आत्ता."

आईसाठी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आली, तिच्यावर उशी आली. लेकीने प्लेअरच्या आतली भुकटी कापसाने पुसली आणि पहिल्या शनिवारची कॅसेट लावली. चित्र थरथरले आणि स्थिरावले. बाकावर चार मुले होती. आईने एकेकाचे नाव सांगितले. तिसऱ्यापाशी ती जरा थांबली. त्या मुलाने हात वर करून गोष्ट सुरू केली, आणि त्याची दहाही बोटे पडद्यावर सुटी सुटी दिसत होती.

गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा आई दोन्ही हात टेकून हळूच उठली. लेकीची नजर पडद्याच्या कोपऱ्यात होती, जिथे डिस्क मोजलेल्या दिसत. आठ. आई स्वयंपाकघरात गेली, पेला भरला, उभ्यानेच संपवला आणि परत येऊन बसली. आठ.

"मग नेमकं काय होतं ते?" तिने विचारले. "मला समजेल असं सांग."

लेकीने सांगितले. खुर्चीवरून कोणीही उठले की तिचे कापड अंगावरच्या कपड्यापासून, किंवा वजनांच्या पिशवीपासून, सुटताना वीज साठे. ती खुर्चीला खालीवर करणाऱ्या नळीच्या धातूच्या भागांतून एक बारीक ठिणगी होऊन उडे. डोळ्यांना ती दिसत नसे, रेडिओला ऐकू येई. पातळ आवरणाची लांब वायर खुर्चीला चिकटून जात असल्याने ती ठिणगीचा धक्का झेली, हब क्षणभर गोंधळे आणि जोडलेल्या डिस्कपैकी एकदोन विसरून जाई. आई स्वस्थ बसून असे तेव्हा ठिणगी उडत नसे, एवढाच तिचा यात सहभाग होता.