हिस्केचा पाय मला कळतो

मित्रांनो, म्हातारपणी बोलायला बसले की जो तो आपल्या जन्मापासून सुरुवात करतो. मीही तिथूनच करते, पण त्यात फार रेंगाळणार नाही. मी एक जुनी शिवणमशीन आहे. तुमच्या घरी झबली-परकर शिवणारी असते, तिची मी दांडगी बहीण. माझी सुई दाभणाएवढी जाड आहे आणि माझ्या लोखंडी पायडलावर माणसाचे दोन्ही पाय ऐसपैस मावतात. जर्मनीतल्या एका ओतशाळेत मला घडवले ते जहाजांची शिडे शिवण्यासाठी. तिथून मी नेदरलँड्समधल्या हार्लिंगेनच्या बंदरात आले. शिडे शिवणाऱ्यांच्या माळ्यावर चार धट्टेकट्टे गडी मला दोरांनी ओढून घेऊन गेले आणि उत्तरेच्या खिडकीखाली त्यांनी मला जमिनीशी खिळवून टाकले. त्यानंतर मी जागची हलले नाही.

माझ्या भरभराटीच्या काळात सपाट तळाच्या जहाजांची तपकिरी शिडे माझ्या सुईखालून ओढ्यासारखी वाहत असत. दर्यावर्दी माणसे माळ्यावर येत, माझ्या घट्ट टिपेवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, हिला वारा फाडू शकायचा नाही. मला ते ऐकायला आवडे. मग विजेवर चालणाऱ्या मशिनी आल्या. माझा चामडी पट्टा वाळून खडखडीत झाला. माझ्या पाठीवर कोणी रंगाचे डबे ठेवले, कोणी ओले मोजे वाळत घातले. एका हिवाळ्यात माझ्या पायडलावर एक मांजर व्याली. त्या वर्षांत मला ऊब मिळाली ती तेवढीच.

आणि मग हिस्के आली.

हिस्केने चाळिशी ओलांडली होती. तिने बेकरीत काम केले होते, ग्रंथालयात केले होते, बोटीच्या तिकिटांच्या खिडकीवरही बसून झाले होते. प्रत्येक ठिकाणी माणसे तिच्यावर आधी खूश होत आणि पुढे तिला कंटाळत. माळ्याचे मालक दुर्क पोस्तमा यांनी तिला विजेच्या मशिनीवर बसवले, तर तिच्या विचारांची आणि मशिनीची नुसती शर्यत लागली आणि कापड फाटले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावरचे डबे खाली उतरवले, मला तेल दिले, नवा पट्टा चढवला आणि बूट काढून पायडलावर पाय ठेवले. दुर्क बघत उभे होते. ती त्यांना म्हणाली, की पाय चालू असले की माझे डोके एका जागी बसते.

मित्रांनो, चेहऱ्यांवरून मला फारसे उमगत नाही. मला माणूस कळतो तो पायांवरून. हिस्केचे पाय हलके होते. लय सापडली की ते विसरून जात की आपण काम करतो आहोत. तिच्याइतकी सरळ टीप माझ्यावर कोणीच घातली नव्हती.

पण बाकीचे सगळे वाकडे. एक शीड अर्धे कापून ती दुसरे हाती घेई. कात्री शोधायला उठे आणि खिडकी पुसून परत येई. कॉफीचे भरलेले पेले माळ्यावर जिथे तिथे गार होऊन पडलेले असत. डॉक्टरांनी तिला अलीकडेच सांगितले होते, की तिला एडीएचडी आहे, लहानपणापासूनच आहे. लक्ष आवरणे, वेळेचा अंदाज घेणे, हातातले काम तडीस नेणे हे तिच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जाते. त्यात आळस नाही. ते ऐकून तिला आधी हसू आले होते आणि मग घरी जाऊन ती खूप रडली होती, असे तिनेच दुर्कना सांगितले.

दुर्क यांचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरत होते. एका सकाळी साखरेच्या पावाचा जाड तुकडा तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "पोरी, टीप घालावी ती तूच. पण माळा नुसत्या टिपेवर चालत नाही. आउके नाखव्याचं मोठं शीड जहाजांच्या शर्यतींच्या आधी झालं, तर हा माळा तुझा. नाही झालं, तर विकून मोकळा होतो. तोंडावर सांगतोय, मागाहून रुसू नकोस." एवढे बोलून ते थांबले नाहीत. त्यांच्या भाचीला मदत केलेल्या एका बाईंचे नावही त्यांनी सुचवले. त्या बाई कोच होत्या. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांना कामाची घडी बसवून देणे हा त्यांचा व्यवसाय.

तिचे नाव मारित. दर मंगळवारी ती सायकलवरून येई. मारित हुशार होती आणि मनाने प्रेमळ होती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल. तिने आउकेच्या अवाढव्य शिडाचे लहान लहान तुकडे पाडले आणि आज कोणता, उद्या कोणता, ते खडूने भिंतीवर लिहिले. एकटीने काम सुरू होत नसेल, तर शेजारी कोणी नुसते बसले तरी खूप फरक पडतो, हे तिने कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिले होते. म्हणून ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. तो गठ्ठा नेमका हिस्केच्या मागे, डाव्या खांद्यापाशी होता.

आणि हिस्केचा पाय दगड झाला.

इतकी वर्षे मी पाय ओळखते, पण असा पाय मला माहीत नव्हता. पायडल खाली जाई ते धाडकन, आणि वर येईचना. मारितने विचारले, जमतंय ना? हिस्के म्हणाली, हो. हा बेत पटतोय का? हो. मी गुरुवारीही येऊ? हो, हो. मारित खूश झाली. पण त्या दिवशी हिस्केची टीप पहिल्यांदा वाकडी गेली. तिने ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. मारित म्हणाली, किती सुंदर काम करतेस तू. ते कौतुक ऐकताच हिस्केने मान आत ओढून घेतली, जणू वरून काहीतरी पडणार आहे.

असे तीन-चार आठवडे गेले. भिंतीवर खडूने लिहिलेली कामे तशीच राहिली. शेवटी एकदा हिस्के तीच शिवण पुन्हा उसवायला लागली, तेव्हा मारित पुढे वाकली आणि अगदी मायेने म्हणाली, "राहू दे. ये, आपण मिळून करू या."

हिस्के उठली. बूट न घालता, मोज्यांवरच जिना उतरून गेली. खाली तिच्या सायकलीचा खडखडाट ऐकू आला. सुई कापडात होती, कापड माझ्या अंगावर होते, आणि मारित गठ्ठ्यावर तशीच बसून होती.

पुढच्या मंगळवारी हिस्केने बरे नसल्याचे कळवले. त्याच्या पुढच्या मंगळवारी कळवलेही नाही. दुर्क मारितला म्हणाले, की काही माणसांना मदत घेताच येत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मारित माळ्यावर आली आणि हिस्केच्या रिकाम्या बाकावर बसून राहिली. काही वेळाने तिने सहज मागे वळून त्या गठ्ठ्याकडे पाहिले. मला वाटते, आपण कुठे बसत होतो ते तिला तेव्हाच पहिल्यांदा दिसले.

तिने हिस्केला निरोप पाठवला. बेत, तुकडे, खडू यातले काही नाही. फक्त एक विचारायचे आहे. हिस्के आली, पण जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबली.

"मी सगळं बरोबर करतेय असं मला वाटत होतं," मारित म्हणाली. "तुझ्याबाबतीत ते बरोबर नव्हतं. का, ते तू सांगायलाच हवं असं नाही. फक्त एवढं सांग, मी कुठे बसू?"

खाली बंदरात बेटांवर जाणारी बोट भोंगा वाजवून निघून गेली.

"समोर," हिस्के म्हणाली. "मला तुझे हात दिसतील तिथे."

मारितने स्टूल उचलले, खिडकीपाशी नेऊन ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मग हिस्के आत आली, माझ्यापाशी बसली आणि पायडलावर पाय ठेवून, काहीच न शिवता, बोलू लागली.

तिचे वडील गावात मास्तर होते. सगळे गाव त्यांना मान देई. रोज जेवणे झाली की ते हिस्केच्या मागे, डाव्या खांद्यापाशी खुर्ची ओढून बसत आणि गोड आवाजात म्हणत, ये, आपण मिळून करू या. आधी शाबासकी देत. मग तिचे लक्ष खिडकीबाहेर जाई, कारण ते जाणारच असे. मग पट्टीची कड मानेवर बसे. हात दिसत नसे, तो कधी उठेल ते कळत नसे. पान फाडले जाई आणि सगळे पहिल्यापासून. नाही म्हणायची सोय नव्हती. हो म्हणत राहिले की ते लवकर संपे. आई मोरीशी भांडी घासत असे आणि त्या वेळी नळ अगदी मोठा सोडत असे.

"ते मला मारायचे, असं मी आजवर कोणाला सांगितलं नाही," हिस्के म्हणाली. "मारायचे म्हणजे काय, अभ्यासच घ्यायचे की. आणि तू तर किती चांगली आहेस. तू मागे बसलीस की माझं डोकं म्हणतं, ही मारित आहे. मान ऐकत नाही."

मारितच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने ते हिस्केला सांभाळायला लावले नाही. ती म्हणाली, "तो अभ्यास नव्हता, हिस्के. मारच होता. पण ती जखम बरी करणं माझं काम नाही, मला ते येतही नाही. लेवार्डनला एक बाई आहेत, त्यांना येतं. जावंसं वाटलं तर जा. मी इथे फक्त शिडापुरती आहे, आणि तू म्हणशील तोवर आहे. आणखी एक सांगू? तुझं 'हो' मी आता लगेच खरं धरणार नाही."

मग तिने विचारले, गुरुवारी येऊ का?

हिस्केचा पाय पुन्हा कडक झाला. पायडल कणभर दबले आणि तिथेच थरथरत राहिले. मग ती म्हणाली, "नको." ओठ घट्ट मिटून ती वाट पाहत राहिली.

"बरं," मारित म्हणाली आणि तिने विचारले, की कॉफीबरोबर बिस्कीट आहे का.

मित्रांनो, इतकेच झाले. पण माझ्या पायडलावरचा तो पाय हळूहळू सैल होत गेला. बर्फ वितळताना कालव्याचे पाणी जसे आतून मोकळे होते, तसा.

यानंतर सगळे सुरळीत झाले असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. हिस्के लेवार्डनच्या बाईंकडे जाऊ लागली आणि काही काळ तिची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. जुने वर आले की माणूस दमतो. कित्येक दिवस ती माळ्यावर येई, मला तेल देई आणि परत जाई. मारित म्हणे, आज एवढंच काम होतं, ते झालं. दुर्क खाली येरझारा घालत. एकदा त्यांनी मारितला सुनावले, "तुमच्या या लाडांनी शीड व्हायचं नाही." मारितने त्यांना शांतपणे सांगितले, की धाकाने व्हायचे असते तर ते केव्हाच झाले असते, धाक तिने भरपूर चाखला आहे.

शर्यती आल्या आणि शीड झाले नव्हते. आउके जुन्या, ठिगळांच्या शिडावर शर्यत हरून आला आणि धाडधाड जिना चढून माळ्यावर उभा राहिला. दरवाजाएवढा मोठा माणूस. हिस्के एकटीच होती. तो बोलू लागला आणि तिची मान आत जाऊ लागली. आता ही हो म्हणणार, येत्या आठवड्यात देते म्हणणार आणि पळून जाणार, हे मला कळून चुकले.

"आउके," ती म्हणाली, "असा डोक्यावर उभा राहू नकोस. तिथे समोर बस. शीड उन्हाळ्यात कुरणांवरचं पहिलं गवत कापतील त्या सुमारास होईल. त्याआधी होणार नाही. मी वेळेत केलं नाही, ही माझी चूक आहे. पण खोटी तारीख देणार नाही."

आउके गुरगुरला. पण बसला. त्याने अर्ध्या शिवलेल्या शिडावर अंगठा फिरवला. शेवटी म्हणाला, की टीप मात्र देखणी आहे, आणि गवतावर लक्ष ठेवीन.

त्या उन्हाळ्यात पहिली कापणी झाली, तेव्हा शीड तयार होते. दुर्कनी माळा विकला नाही, तो हिस्केच्याच हाती दिला. त्यांची अट मोडली होती आणि ते हट्टी गृहस्थ, तेव्हा विकतील असेच सगळ्यांना वाटत होते. पण आउके बसलेला असताना ते जिन्यात उभे राहून सगळे ऐकत होते. ते हिस्केला एवढेच म्हणाले, "तारखा चुकणारे शिडवाले मी खूप पाहिले, पोरी. मीही त्यातलाच. गिऱ्हाइकाला खरं सांगणारा मात्र एकही पाहिला नाही." माळ्याचे व्यवहार सांभाळायला आता आठवड्यातून एकदा दुर्क यांची भाची येते. ते काम हिस्केने मोकळेपणाने सोडून दिले आहे.

हिस्के अजूनही तशीच आहे. आज ती मुलांच्या होडीचे एक चिमुकले शीड शिवते आहे. मघाशी टीप अर्ध्यात सोडून ती उठली, आता खालच्या मजल्यावर कोणाशी तरी वाऱ्याविषयी बोलते आहे, आणि तिची कॉफी माझ्या पाठीवर गार होते आहे. मला त्याचे काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा मामा, एखादी आत्या अशी असेल, सगळे अर्ध्यात सोडणारी. त्यांना मदत करायला जाल, तेव्हा त्यांच्या मागे उभे राहू नका. त्यांना कधी काय सोसावे लागले आहे, ते तुम्हाला माहीत नसते. त्यांना घाई करू नका आणि त्यांच्यावर रुसूही नका. शिवणारा उठून गेला, तर मी काय करते सांगू? सुई कापडात रोवलेली असते. मी तशीच थांबते, म्हणजे कापड सरकत नाही. तो परत येतो, तेव्हा त्याची टीप त्याला जिथल्या तिथे सापडते.

जिन्यावर पावले वाजली. येते आहे ती.