एकटा डावा

मी एक जुना कलबूत आहे, मित्रांनो, आणि तोही एकटा डावा. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून चप्पल-बूट करतात. माझे सोबती फळीवर जोडीजोडीने बसायचे. मला जोडीदार नव्हता, कारण मला एकाच पायासाठी घडवलं होतं.

भालकीच्या बसस्टँडसमोर नरसिंग यांचं लहानसं दुकान आहे. अठरा वर्षांपूर्वी हळ्ळीखेडच्या सावित्रम्मा आपल्या पाच वर्षांच्या भुवनेश्वरीला कडेवर घेऊन तिथे आल्या. पोरीचा डावा पाय जन्मापासून आखूड आणि आत वळलेला. नरसिंग यांनी तो कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली आणि रेघ वाकडी गेली. त्यांनी न चिडता पुन्हा काढली. मग बाभळीचं लाकूड तासून मला घडवलं.

पोर वाढली तसा मीही वाढलो. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी नरसिंग माझ्या अंगावर चामड्याची एक पट्टी चिकटवायचे आणि कानशीने घासून मला तिच्या नव्या मापाचा करायचे. अशा तेरा पट्ट्या झाल्या. मग ती बिदरला शिकायला गेली आणि यायची थांबली.

हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही थांबली. बूट खोक्यातून घरपोच येऊ लागले. माझ्यावर धूळ बसली.

शेवटी एका शनिवारी नरसिंग यांनी दुकान आवरायला काढलं. सोमवारपासून उदगीरला एका गोदामाच्या राखणीवर जायचं होतं. आम्हा सगळ्यांना पोत्यात भरून त्यांनी शेजारच्या चहावाल्या तानाजीला दिलं. "वाळलेलं लाकूड हाय. चुलीत घाल," एवढंच बोलले आणि तोंड फिरवून निघून गेले. माझे सोबती एकेक करून चुलीत गेले. मग तानाजीचा हात माझ्यापर्यंत आला.

दुपारी भुवनेश्वरी लंगडत दुकानाशी आली. पायात नवे चकचकीत बूट. डाव्यात कापूस कोंबलेला, तरी टाच सोललेली. तिला मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं.

"अण्णा, दुकान कामून आवरायलाव?"

"आधी पाय बघू. हे कुठून आणलंस, माय?"

"फोनवर मागवले. सगळ्यांसारखे पाहिजे होते. तिथं नंबर लिहायला जागा हाय, अण्णा. पाय कसा हाय ते लिहायला जागाच न्हाई."

"आन् म्या मेलतो व्हय?" नरसिंग रागावले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "पर तुझा कलबूत सकाळीच जाळायला दिला की. नवा दोन दिवसांत व्हायचा न्हाई. तेरा वर्षांचं माप हाय त्याच्यात."

भुवनेश्वरी पायरीवर मटकन बसली.

तेवढ्यात तानाजी आला. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मी. "हा कुणाचा तरी नेमका पाय दिसायला. चुलीत घालायला मन झालं न्हाई."

"गाढवा, मग सकाळीच सांगायचंस की!"

"तुम्ही थांबलाव का? भिंतीला भिंत हाय, तरी तोंड फिरवून गेलाव."

नरसिंग यांनी मला धोतराने पुसलं. तिचा पाय पुन्हा कागदावर ठेवला, रेघ काढली आणि चौदावी पट्टी चिकटवली. "उजवा बूट चांगला हाय, तो राहू दे. डावा म्या हुबेहूब तसाच करतो."

रविवारभर ते शिवत बसले. चहाला आलेले बसलिंगप्पा काका पायरीशी रेंगाळले. "नरसिंग, माझीबी टाच लई दुखतीय. बघतोस?"

"इतके दिवस कुठं होताव, काका?"

"दुकान बंद व्हायलंय म्हणलं, तवा आठवलं बघ."

सोमवारी सकाळी भुवनेश्वरी नवा डावा बूट घालून मन्नाएखेळ्ळीच्या बसकडे निघाली. ती चढेपर्यंत नरसिंग दारात उभे होते. उदगीरची बसही आली. ती त्यांच्याशिवाय गेली. बसलिंगप्पा काकांचा पाय कागदावर होता.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी तुमचं माप जपून ठेवलेलं असतं. तुम्ही गेलात तरच ते माप कामाचं. दुकान बंद व्हायची वाट पाहू नका, आजच त्याच्या पायरीवर पाय ठेवा. आता फळीवर आम्ही तिघे आहोत, मी आणि बसलिंगप्पा काकांच्या मापाचे दोघे अगदी कोरे. माझ्या अंगावर चौदा पट्ट्या आहेत, आणि पंधरावीला जागा आहे.