भातासारखा सावा

सासूने चिखलातून एक रोप उपटलं आणि सुनेच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"सावा, आई."

"आणि तण म्हणून उपटायचं सोडून तू तो ठेवलास."

ते भात होतं. युएछिनला ते कळलं होतं. पण देफूची ती तिसरी बायको. पहिली उलट बोलली म्हणून सासूने तिला माहेरी धाडलं, दुसरी जेवताना हसली म्हणून. युएछिन मान खाली घालून पुढच्या ओळीकडे सरकली.

तिच्या सासरी, लोऊंच्या घरात, तणाला थारा नव्हता. सासूची सासू, तिची सासू, सगळ्या गुडघाभर पाण्यात वाकून शेत असं वेचत की बेडकांनीही परवानगी घेऊन ओरडावं. शेजारचा फान म्हातारा मात्र बांधावर चिलीम ओढत बसे. त्याच्या शेतातला सावा लाल बुडाचा, फताडा, लांबूनच ओळखू येणारा.

भात निसवायच्या, त्याला लोंब्या फुटायच्या आधीच लोऊंच्या शेतभर सावा लोंब्या काढून उभा राहिला. तोवर तो भात म्हणून उभा होता.

"हा घातला कुणी माझ्या शेतात?" सासू कडाडली.

"तुम्हीच, वहिनी," फान बांधावरून म्हणाला. "लाल दिसला, उपटला. फताडा दिसला, उपटला. पिढ्यान्‌पिढ्या. जो चुकून भातासारखा निघाला तोच वाचला, त्याचंच बी पडलं. माझ्याकडचा अजून तणासारखाच दिसतो. त्याला कुणाचं भय?"

"आळशानं मला शेती शिकवू नये!"

"शिकवतोय कुठे? तुमचं तण माझ्या भाताहून देखणं आहे, एवढंच म्हणतो."

सासू गर्रकन वळली. हातात विळा होता.

"तू सांग गं. चूक कोणाची?"

देफू लांबच्या डोंगराकडे बघू लागला. डोंगर कालच्याच जागी होता.

"तुम्ही म्हणाल त्याची, आई," युएछिन म्हणाली. आवाज नेमका हवा तेवढा हळू.

सासूला हेच उत्तर हवं होतं. तरी तिचा चेहरा उतरला. ती सुनेला बुडापासून शेंड्यापर्यंत न्याहाळत राहिली.

दुपारी युएछिनने जेवण वाढलं. या घरात पहिला घास सासूचा. आज तिने आपला वाडगा उचलून सुनेपुढे ठेवला.

"आधी तू खा."

"बघ," देफू खूश होऊन कुजबुजला, "आईनं कधी कुणाला एवढा मान दिला नाही."

युएछिनने काड्यांनी भात उचलला. घास खाली उतरेपर्यंत सासू तिच्या गळ्याकडे बघत होती.